मुक्कामाचं झाड

"काय पावणं, मुक्काम हाय का जाणार?"

हा प्रश्न माणसाला नसायचा, झाडाला असायचा. विचारणारे गृहस्थ आमच्या नगरपालिकेचे ओव्हरसियर. नव्या घराच्या कुंपणाशी लावलेल्या वीतभर रोपापुढं ते उकिडवे बसायचे, पोराचा कान धरावा तसं त्याचं खोड अंगठ्यात आणि बोटात धरायचे, हा प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वर ओढायचे. रोप हातात आलं, तर ते घरमालकाच्या हातात देऊन म्हणायचे, "पावणं निघालं. ष्टँडावर घालवून या." नाही आलं, तर एकच शब्द. "ऱ्हायलं."

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात आणि सोयऱ्यालाही पावणंच म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. झाडाला पावणं म्हणणारा माणूस मात्र मी तेवढा एकच पाहिला. गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे; तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात आणि त्यांनी तसंच बोलत राहावं अशी माझी इच्छा आहे.

मी त्या काळी नगरपालिकेसमोरच्या चहाच्या हॉटेलाच्या माडीवर बसून लोकांना घरांचे नकाशे काढून द्यायचो. बांधकामाच्या परवानगीपासून वापराच्या दाखल्यापर्यंत माझी आणि साहेबांची रोजची गाठ. ते मला 'इंजिनेर' म्हणत. मी इंजिनियर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच म्हणत.

झाडाचं हे खूळ मूळचं त्यांचं नव्हे. सत्तरच्या दशकात आमच्याकडं एक तरुण मुख्याधिकारी बदलून आले. त्यांना झाडं आवडत. गावात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी परवानगीच्या छापील कागदावर दहा अटींखाली अकरावी अट घातली. प्लॉटच्या मोकळ्या जागेत स्थानिक जातीची पाच झाडे लावावीत, ती रुजल्याची खात्री केल्याखेरीज इमारत वापरण्याचा दाखला देऊ नये. पुढं वर्षभरात ते जसे आले तसे बदलून गेले, अट मात्र राहिली. ती काढायची तर ठराव लागला असता, ठरावाला बैठक लागली असती, आणि आमच्या नगरसेवकांची बैठक कांदाभज्यांच्या पुढं गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अट वाचून गाव हादरलं ते 'स्थानिक जातीची' या शब्दांनी. एक म्हातारे शेतकरी कागद हातात धरून थेट कचेरीत आले. "माणसांची काढून झाली, आता झाडाचीबी जात काढतासा व्हय?" साहेबांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. त्यांना स्वतःला कडुलिंब आणि सीताफळ यातला फरक कळत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ते मालकालाच विचारत, "ह्येला काय म्हंत्यात?" मालकानं मराठीत नाव सांगितलं की झाड स्थानिक. 'निलगिरी' असं मराठीत म्हणता येत असल्यामुळं आमच्या गावात निलगिरी स्थानिक ठरली. बोगनवेल मात्र एका मास्तरांनी इंग्रजीत सांगितली म्हणून परत गेली.

राहिली ती रुजल्याची खात्री. ती कशी करायची, हे मुख्याधिकाऱ्यांनी लिहिलं नव्हतं. साहेबांनी ठरवलं, ओढायचं.

आता गंमत बघा. रोप नुकतंच लागत आलेलं असायचं. साहेबांनी ओढलं की ते वर यायचं नाही, पण खालची कोवळी मुळं तुटायची. साहेब "ऱ्हायलं" म्हणून सही करून जायचे आणि आठवड्याच्या आत रोप मान टाकायचं. गावच्या शेळ्यांनी खाल्ली नसतील एवढी झाडं या माणसाच्या खात्रीनं खाल्ली. मी एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, तुमी वडल्यावर मरतंय की ते."

"मरंना," ते शांतपणे म्हणाले. "रुजल्याची खात्री करा म्हंत्यात. जगल्याची कुठं लिवलंय?"

अशा माणसाचा राग येतो. मलाही यायचा. लाच खाणाऱ्याशी निदान बोलता येतं. हे गृहस्थ चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पीत, आणि त्यांच्या बोटांपुढं कुणाचं काही चालत नसे.

गाव अर्थातच त्यांच्या वरताण. तपासणीच्या सकाळी शेताच्या बांधावरच्या फांद्या तोडून आणायच्या आणि ओल्या मातीत खोचायच्या, हा सर्रास मार्ग होता. फांद्या हातात यायला लागल्यावर लोक फांदीच्या बुडाला दगड बांधून पुरू लागले. एका गवंड्यानं तर कमाल केली. त्यानं बाभळीची फांदी सिमेंटमध्ये बसवली. साहेबांनी ओढली, पुन्हा ओढली, दोन्ही हातांनी ओढली आणि तोंडभरून "ऱ्हायलं" म्हणाले. ती फांदी पुढं कितीतरी वर्षं वाळून कोळ झालेली तिथं उभी होती. गवंड्याची बायको तिच्यावर धुणं वाळत घालायची. नगरपालिकेच्या लेखी ते झाड होतं.

आणखी एकानं कुंपणाशी ऊस लावला. ऊस रुजतो, आणि असा रुजतो की ओव्हरसियरच्या बापाला उपटायचा नाही. साहेब घामाघूम झाले.

"रुजलंय तर खरं," ते म्हणाले, "पर ह्ये झाड न्हवं."

"मग काय जनावर हाय?" मालकानं विचारलं.

ऊस झाड की पीक, हा प्रश्न कचेरीत बरेच दिवस लोंबकळला. तो सुटायच्या आत मालकानं ऊस तोडून गुऱ्हाळाला घातला आणि एक ढेप कचेरीत वाटायला पाठवली. सगळ्यांनी खाल्ली. साहेबांनी खाल्ली नाही.

माणसं त्यांना मागं 'उपटेसाहेब' म्हणत. ते इतकं रुळलं, की बाहेरून आलेल्या एका सिमेंटच्या एजंटानं त्यांनाच विचारलं, "उपटेसाहेब कुठं बसतात?" साहेबांनी त्याला बाहेरच्या बाकड्यावर उन्हात बसवलं आणि कचेरी बंद होईपर्यंत बसू दिलं.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पुढचं सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. साहेबांना एकच मुलगी, शालन. गावातल्याच एका घरी तिचं जमत आलं होतं. मुलाच्या वडिलांनी नवं घर बांधलं होतं, नकाशा माझाच होता, आणि तपासणीला जाणार होते साहेब. मी आदल्या दिवशी त्यांना माडीवर बोलावून चहा पाजला. म्हटलं, "साहेब, सोयरीक व्हायची हाय. ह्या एका घरात हात आखडता घ्या."

"सोयरीक पोरीची व्हायची हाय, झाडाची न्हाय," ते म्हणाले, आणि चहाचे पैसे ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी पाचही फांद्या त्यांच्या हातात आल्या. त्यांनी त्या होणाऱ्या व्याह्यांच्या हातात दिल्या आणि सवयीनं बोलले, "पावणं निघालं. ष्टँडावर घालवून या." त्या वाक्यातलं पावणं म्हणजे कोण, हे समोरच्या माणसानं आपल्या परीनं ठरवलं. ते शब्द त्यांनी स्वतःलाच लावून घेतले. संध्याकाळी निरोप आला, की पावणं निघालंय, तुमची पोरगी तुमच्याकडंच ठेवा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शालन मात्र रोज सकाळी त्यांचा डबा भरून द्यायची आणि दारात उभी राहायची. तो डबा घेऊन कचेरीत येताना साहेबांची मान खाली असायची. गावानं ही गोष्ट अशी तिखटमीठ लावून पसरवली, की पुढं दोन वर्षं शालनला बघायला कुणी फिरकलं नाही. ज्या घरात होणाऱ्या सोयऱ्यालाच ष्टँडावर घालवतात, तिथं कोण जाणार?

मग आजऱ्याकडून एक स्थळ आलं. मुलगा काजूच्या कारखान्यात नोकरीला, माणसं चांगली, शालन पसंत. मुलाच्या वडिलांनी फक्त एक सांगितलं. "मांडव नगं. आमच्यात आता समदी लग्नं कार्यालयात हुत्यात." आयुष्यभर दुसऱ्यांना अटी दाखवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी अट घातली होती.

गावात कार्यालय एकच, तेही नुकतं बांधून झालेलं. मालक गुळाचे अडते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी आनंदानं तारीख दिली, पत्रिका छापल्या, आजऱ्याला गेल्या. राहिला होता वापराचा दाखला. तो नसेल तर कार्यालयाचं कुलूप निघणार नव्हतं, आणि त्यासाठी तपासणी करणार होते वधूपिता स्वतः.

पाच झाडं लावायला अण्णांना अख्खं वर्ष मिळालं होतं. पण अण्णा म्हणजे अण्णा. "घरचं कार्य हाय," ते मला म्हणाले, "साहेब बघतील की." आणि तपासणीच्या सकाळी गड्याला पाठवून त्यांनी ओढ्याकाठच्या कुठल्यातरी झाडाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या आणवल्या आणि अंगणात खोचल्या. पानं अजून टवटवीत होती. अण्णा त्यांच्याकडं असे बघत होते, जणू लहानपणापासून पाणी घातलंय.

नेमके त्याच दिवशी आजऱ्याचे व्याही कार्यालय बघायला आले. अंगणात आम्ही चौघं. साहेब, अण्णा, व्याही आणि मी. साहेब पहिल्या फांदीपुढं उकिडवे बसले. मला वाटलं, आज नुसतं बघतील आणि उठतील. पण वर्षानुवर्षांची सवय बोटांत असते. त्यांनी फांदी धरली, पुटपुटले, "काय पावणं, मुक्काम हाय का जाणार?" आणि ओढली.

फांदी अलगद वर आली. बुडाला कोयत्याचा तिरपा घाव ताजा, पांढरा दिसत होता.

अण्णांनी आभाळाकडं बघितलं. व्याही दोन पावलं पुढं आले. पहिल्या सोयरिकीची गोष्ट आजऱ्यापर्यंत गेलेली असणारच. त्यांचा आवाजच सांगत होता. "काय झालं? निघालं काय?"

साहेबांचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं, अण्णांना पाठ होतं, अख्ख्या गावाला पाठ होतं. पण ज्यांना आमच्याकडं खरोखरीचं पावणं म्हणतात ते गृहस्थ समोर फेटा बांधून उभे होते. घरी शालनची हळद कांडायला घेतली होती. साहेब तसेच बसून राहिले, हातात फांदी धरून. मग त्यांनी ती परत त्याच भोकात घातली, तळव्यानं माती लोटली, उठून बुटाच्या टाचेनं गच्च दाबली.

"न्हाय पावणं," ते म्हणाले. "मुक्काम हाय."

हे व्याह्यांना म्हणाले की फांदीला, ते मला आजवर कळलेलं नाही. बाकीच्या चार फांद्यांना त्यांनी हात लावला नाही. 'झाडे रुजल्याची खात्री केली' असं लिहून तिथंच सही केली. सही करताना त्यांनी टोपी काढून बगलेत धरली होती. तसं करताना मी त्यांना फक्त मयतीला पाहिलं होतं.

लग्न झकास झालं. व्याही खूश, वहिनी खूश, जिलबी कमी पडली नाही. आणि गावाचं काय सांगू? हा माणूस दहा वर्षं खरं वागला तेव्हा गावानं त्याला उपट्या म्हटलं. एक दिवस खोटं वागला तर गाव म्हणालं, साहेब माणसात आले. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करू लागले. एका नगरसेवकानं त्यांचा सत्कार करावा असंही सुचवलं. कशाबद्दल, हे त्याला सांगता आलं नाही म्हणून ते राहिलं.

त्या दिवसापासून साहेबांनी ओढायचं सोडलं. तपासणीला जात, फाटकातूनच बघत, सही करत. आणि तुम्हाला हसू येईल, पण आमच्या गावात झाडं जगायला लागली ती तेव्हापासून. कुणी एखादं रोप खरोखरीच लावलेलं असे, ते आता मुळासकट शाबूत राही. नव्या वसाहतीत आज जी सावली आहे ती साहेबांच्या अधःपतनाची सावली आहे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत एक नवी कुजबुज सुरू झाली. साहेब दुधात पाणी घालतात. आमच्याकडं सकाळी किटली घेऊन गोठ्यावर जायचं आणि समोर धार काढून दूध आणायचं, ही रीत. शेजाऱ्यांनी साहेबांना चौकातल्या नळावर किटली भरताना पाहिलं. तीच किटली घेऊन सायकलवरून जाताना पाहिलं. आणि तीच किटली दुधानं भरून परत येताना पाहिलं. मधलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि मधलं बघण्याची आमच्या गावाला सवयही नव्हती. स्वतःच्याच घरच्या दुधात पाणी घालणारा चिक्कू माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. वहिनींनी चहा पुढं केला की बायका कपात वाकून बघत.

मी मात्र मधलं पाहिलं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी मी नकाशाच्या मापासाठी कार्यालयावरून चाललो होतो. अंगणात साहेब. चार फांद्या वाळून गेल्या होत्या, तरी त्यांच्या बुडाशीही पाणी ओतलेलं होतं. पाचवीच्या बुडाशी ते उकिडवे बसले होते. बुटाच्या टाचेनं दाबलेली तीच ती. तिला दोन इवली तांबूस पानं फुटली होती.

"साहेब, ह्ये काय?"

ते दचकले नाहीत. किटली उपडी करून शेवटचे थेंब झटकले. "खात्री केली म्हणून लिवलंय न्हवं मी? मग करायला नको?"

"लिवून झालं की. दाखला दिला, लग्न झालं. आता कोण विचारतंय?"

"कोण न्हाय विचारत," ते म्हणाले. "त्येच वंगाळ."

मला त्या माणसाची थट्टा करायची सवय होती. त्या सकाळी ती जमली नाही.

फांदी नांद्रुकीची निघाली, वडाच्या भावकीतली. नांद्रुक लागली की आवरत नाही. दोन पावसाळ्यांत ती साहेबांच्या कमरेला आली, मग खांद्याला, मग नवरदेवाच्या गाडीला सावली देण्याइतकी झाली. बगळे यायला लागले. त्यांनी वऱ्हाड्यांच्या फेट्यांवर केलेल्या सह्या सगळ्या गावाला ठाऊक आहेत. साहेबांचं पाणी चालूच. झाडाला त्याची गरज उरली नव्हती, पण साहेबांची किटली काही थांबत नव्हती. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना नारळ आणि शाल दिली. ती शाल अंगावर घेऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर किटली लटकवून निघालेले मी पाहिले.

त्यानंतर एकदा मी त्यांना चिडवलं. "काय साहेब, गावाची झाडं वडून बघितलीसा. ह्ये एकदाबी वडलं न्हाईसा ते?"

त्यांनी वर शेंड्याकडं बघितलं. झाडाचं खोड तोवर मांडीएवढं झालं होतं. बैल जुंपले असते तरी हललं नसतं.

"आलं तर?" ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

साहेब आषाढात गेले. झाडाला पाणी लागत नाही असे दिवस बघून गेले, असं मी तेव्हा कुणाला तरी म्हणालो आणि ज्याला म्हणालो त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. तेराव्याचं जेवण अण्णांनी कार्यालयातच ठेवलं, भाडं घेतलं नाही. पाऊस उघडला होता म्हणून म्हाताऱ्यांच्या खुर्च्या अंगणात नांद्रुकीखाली मांडल्या. अण्णा पंगतीपंगतीतून सांगत फिरत होते, की हे झाड आपण पोटच्या पोरासारखं वाढवलं, आजकाल झाडाची माया कुणाला राहिली आहे? बुंध्याला त्यांनी पाटीही मारली होती. 'झाडे लावा, झाडे जगवा', आणि खाली स्वतःचं नाव. शेजारचे एक गृहस्थ ताकाचा पेला माझ्यापुढं धरून हळूच म्हणाले, "माणूस चांगला हुता हो साहेब. तेवढं दुधात पाणी घालायचा."

शालन आजऱ्याहून आली होती. दोन मुलांची आई, केसांत पांढरी बट, आणि बसण्याची ढब थेट बापाची. ती आतून वाढायचं भांडं घेऊन बाहेर आली आणि माझ्यापाशी थांबली.

"काका, आमच्या आप्पांनी ह्ये एकच झाड कधी वडून बघितलं न्हाय म्हणं?"

"तुला कोण म्हणालं?"

"त्येच म्हणाले. दवाखान्यात. म्हणाले, तेवढं ऱ्हायलंच बघ माझं." तिनं माझ्याकडं बघितलं. "का न्हाय बघितलं?"

मी तिला काय सांगणार होतो? तुझ्या लग्नासाठी, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "भीत हुते. आलं तर म्हणून."

तिनं वर शेंड्याकडं बघितलं. मग भांडं माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला, आणि त्या भरल्या पंगतीदेखत बुंध्याला दोन्ही हातांची मिठी घालून, पाय रोवून, दात आवळून ते झाड वर ओढलं. अण्णा बोलता बोलता थांबले. म्हातारे खुर्चीतून उठले. वरची पानं हलली आणि अडकलेलं पावसाचं पाणी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, ताकात, पत्रावळीत सांडलं.

झाड तसूभर हललं नाही. शालननं हात सोडले, कपाळावरचं पाणी पदरानं पुसलं.

"ऱ्हायलं," ती म्हणाली, अगदी त्यांच्याच कचेरीच्या आवाजात, आणि माझ्या मांडीवरचं भांडं उचलून वाढायला आत गेली.